एक जण गेला, बाकीचे वाजवत राहिले

डार्क ट्रँक्विलिटी या स्वीडिश मेटल बँडचा ‘एंडटाइम सिग्नल्स’ हा अल्बम १६ ऑगस्ट २०२४ रोजी आला. हा त्यांचा तेरावा. बारा गाणी, साधारण पन्नास मिनिटांचा ऐवज. तेव्हापासून तो अधूनमधून लावते आणि दर वेळी एकाच जागी अडखळते. सुरुवातीची दोन-तीन गाणी अंगात वारं भरतात. मग हळूहळू लक्ष सुटतं, गाणं चालू आहे हेही विसरायला होतं. सहावं गाणं आलं की मात्र हातातलं काम बाजूला राहतं. पुढे परत तेच, चढ आणि उतार, शेवटापर्यंत.

या बँडवर माझा फार जीव आहे. म्हणून ‘काही गाणी चांगली, काही बरी’ एवढं म्हणून मला हा अल्बम बाजूला ठेवता येईना. तीस-पस्तीस वर्षं वाजवणारी माणसं, स्टुडिओत चूक करणार नाहीत इतकी तयार. मग एकाच अल्बममध्ये काळजाला हात घालणारं गाणं आणि त्याच्याच शेजारी कानावरून निघून जाणारं गाणं कसं काय येतं? खूप दिवस हेच डोक्यात होतं.

ज्यांना हे संगीत परकं आहे त्यांच्यासाठी थोडं मागून सांगते. स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावर गोथेनबर्ग हे बंदराचं शहर. व्होल्व्होचं गाव. त्याच्या दक्षिणेला बिल्डाल नावाचं उपनगर आहे, तिथल्या शाळकरी मुलांनी १९८९ मध्ये हा बँड काढला. त्या सुमाराला डेथ मेटल, म्हणजे मेटलचा गुरगुरत्या आवाजाचा प्रकार, म्हटलं की फ्लोरिडा आणि स्टॉकहोम. जड, चिखलासारखा आवाज, आणि गाण्याला चाल असलीच पाहिजे असा काही आग्रह नाही. गोथेनबर्गच्या पोरांनी वेग ठेवला, घशातली गुरगुर ठेवली आणि त्यावर आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडच्या वळणाच्या दोन गिटारी चढवल्या. एक गिटार चाल वाजवते, दुसरी तीच चाल दोन स्वर वरून. शिवाय त्या चालींना उत्तरेकडच्या लोकगीतांचा वास होता. १९९५च्या अखेरीस अॅट द गेट्सचा ‘स्लॉटर ऑफ द सोल’ आणि डार्क ट्रँक्विलिटीचा ‘द गॅलरी’, १९९६च्या सुरुवातीला इन फ्लेम्सचा ‘द जेस्टर रेस’. तिन्ही बँड एकाच शहरातले, तिन्ही अल्बम फ्रेड्रिक नॉर्डस्ट्रॉमच्या एकाच स्टुडिओत, स्टुडिओ फ्रेडमनमध्ये झालेले. जगभर ज्याला मेलोडिक डेथ मेटल म्हणतात त्याचा पाया या काही महिन्यांत घातला गेला.

हे सगळं त्याच शहरात का झालं याची कारणं बरीच साधी आहेत. स्वीडनमध्ये नगरपालिकेच्या संगीतशाळा असतात, तिथे मुलांना वाद्य शिकायला मिळतं. अभ्यासमंडळांमार्फत सरकारी अनुदानातून बँडना तालमीला खोली मिळायची. हिवाळा लांबलचक, बाहेर अंधार, आणि कमी पैशात मिळालेल्या खोलीत अँप्लिफायर. मुलं एकमेकांच्या बँडमध्ये सहज ये-जा करायची. डार्क ट्रँक्विलिटीचा आजचा गायक मिकाएल स्टान्ने आधी तिथे गिटार वाजवायचा, आणि गाण्याचं काम होतं अँडर्स फ्रिदेनकडे. १९९३चा ‘स्कायडान्सर’ हा पहिला अल्बम फ्रिदेनच्या आवाजात आहे. पुढे फ्रिदेन गेला, यथावकाश इन फ्लेम्सचा गायक झाला. आणि इन फ्लेम्सच्या पहिल्या अल्बमवर, १९९४च्या ‘लुनार स्ट्रेन’वर, आवाज आहे स्टान्नेचा! डार्क ट्रँक्विलिटीत स्टान्ने गिटार खाली ठेवून माइकसमोर गेला, तेव्हा रिकाम्या झालेल्या गिटारच्या जागी फ्रेड्रिक योहान्सन नावाचा मुलगा आला. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

माझ्यापर्यंत हे संगीत आलं ते सांगलीच्या हॉस्टेलमध्ये, मैत्रिणीच्या भावाने कॉपी करून दिलेल्या सीडीवर. वर मार्करने बँडचं नाव, बाकी काही नाही. गाण्यांची नावं नाहीत, वादकांची तर नाहीतच. घरी लहानपणापासून शास्त्रीय संगीत कानावर होतं, पेटीवर बोटं फिरवायला शिकले होते. त्यामुळे ‘द गॅलरी’ ऐकताना माझा हात आपोआप पेटीवरच्या सुरांकडे गेला. कोमल गांधार, कोमल धैवत, कोमल निषाद. आसावरी थाट! मधूनच निषाद शुद्ध लागला की किरवाणीची छाया. एवढ्या गदारोळाच्या पोटात ओळखीचे सूर सापडले आणि मी तिथेच अडकले. एकाच वेळी दोन स्वर चालत राहण्याची मात्र सवय नव्हती. आपल्याकडे एक सूर धरून त्याच्या आत शिरायचं. इथे दोन गिटारी हातात हात घालून चालतात आणि त्यांच्यामधल्या फटीत सगळं दुःख साठतं. ते कळायला वेळ लागला.

आवाजाबद्दलही सांगायला हवं, कारण बहुतेक लोक तिथूनच परत फिरतात. आईने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विचारलं होतं, “अगं, याला दुखतंय का कुठे?” प्रश्न अगदी योग्य होता. ही गुरगुर म्हणजे नुसतं घसा फाडून ओरडणं नसतं. नेहमीच्या स्वरतंतूंच्या वर मांसल घड्यांची आणखी एक जोडी असते, एरवी गाताना ती गप्प असते. या गायकीत श्वासाचा दाब पोटातून देऊन तीच थरथरवतात. चुकीच्या पद्धतीने केलं तर आवाज कायमचा बसू शकतो. स्टान्ने हे तीस वर्षं करतोय आणि त्याचे शब्द अजून स्पष्ट कळतात. या प्रकारात ते दुर्मीळ आहे. व्यंजनं तो चावून, तासून बाहेर काढतो. आणि १९९९च्या ‘प्रोजेक्टर’मध्ये त्याने पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर आपला साधा गाता आवाज वापरला. खर्जातला, खोल, जरासा थकलेला. त्यातलं ‘देअरइन’ हे गाणं ऐकलंत तर एकाच माणसाच्या गळ्यात दोन माणसं राहतात असं वाटेल.

आता माणसं कशी गेली ते. ‘प्रोजेक्टर’नंतर योहान्सन बँडमधून बाहेर पडला. बास वाजवणारा मार्टिन हेन्रिक्सन गिटारवर आला, कीबोर्डवर मार्टिन ब्रेंडस्ट्रॉम आला आणि बँडचा आवाज बदलला. ‘डॅमेज डन’, ‘कॅरॅक्टर’, ‘फिक्शन’ हे २००२ ते २००७ या काळातले अल्बम त्या जुळणीचे, आणि माझ्या मते त्यांच्या ताकदीचा कळस. मग २०१६मध्ये हेन्रिक्सन गेला. २०२०मध्ये पहिल्या दिवसापासूनचा गिटारवादक निक्लास सुंडीन गेला. २०२१मध्ये ड्रमर अँडर्स यिवार्प आणि बासवादक अँडर्स इव्हेर्स एकदमच गेले. यिवार्पही सुरुवातीपासूनचा, आणि तो नुसता ठेका धरणारा नव्हता, गाणी रचण्यातही त्याचा मोठा हात होता. नवा गिटारवादक म्हणून आलेला ख्रिस्टोफर अॅमॉटही २०२३मध्ये निघून गेला. मूळ मुलांपैकी राहिला एकटा स्टान्ने. आज त्याच्याबरोबर जुना म्हणावा असा फक्त ब्रेंडस्ट्रॉम. गिटारवर योहान राइनहोल्ड्झ, ड्रमवर योआकिम स्ट्रँडबर्ग-निल्सन, बासवर क्रिस्टियन यान्सन.

आमच्या गावच्या भजनी मंडळात जुने पखवाजी वारल्यावर दुसऱ्या गावातून एक जण आणला होता. हात तयार, बोल स्वच्छ. पण बुवा एखाद्या चरणावर रेंगाळले की जुने पखवाजी त्यांच्या आधी थांबायचे, त्यांना कळायचं. नवा माणूस लयीला पक्का, म्हणून पुढे निघून जायचा. दोघांचंही चुकत नसे. ‘एंडटाइम सिग्नल्स’मध्ये मला ठिकठिकाणी हेच ऐकू येतं. स्ट्रँडबर्ग-निल्सन ‘इन मॉर्निंग’ या बँडमधून आलेला कसबी ड्रमर आहे, काही ठिकाणी तो यिवार्पपेक्षा बारीक काम करतो. पण स्टान्ने ओळीच्या शेवटी जो श्वास घेतो त्या श्वासाच्या आसपास पूर्वी ड्रम वाकायचे. आता ते सरळ जातात.

‘शिव्हर्स अँड व्हॉइड्स’ हे पहिलं गाणं उत्तम आहे. ‘अनफर्गिव्हेबल’ त्याहून चांगलं, कारण ते कुणाचीही मनधरणी करत नाही. त्यातला राग खरा वाटतो, वेग अंगावर येतो, आणि या गाण्यात नवा ड्रमर मोकळा सुटला आहे. दुसऱ्या अर्ध्यातल्या ‘एन्फोर्स्ड पर्स्पेक्टिव्ह’मध्येही तसंच. ज्या जागी या मंडळींनी जुन्या गाण्यांची सावली अंगावर पडू दिली नाही, त्या जागा जिवंत आहेत.

पडझड होते ती मधल्या वेगाच्या गाण्यांत. ‘ड्राउन्ड आउट व्हॉइसेस’, ‘अवर डिस्कनेक्ट’, ‘वेवर्ड आइज’. यातलं एकही गाणं वाईट नाही, आणि तीच खरी अडचण. कीबोर्डवर एक उदास चार-पाच सुरांची ओळ, तिच्याखाली गिटारचा जाड थर, कडव्यात गुरगुर, ध्रुवपदात कीबोर्डची ओळ पुन्हा वर. हा साचा या बँडनेच घडवला, आणि ‘फिक्शन’मध्ये तो ऐकताना अंगावर काटा यायचा. इथे तो इतका व्यवस्थित आहे की पुढची ओळ येण्याआधीच मला ती ठाऊक असते. ही गाणी ऐकताना वाटत राहतं की हे लोक आम्हाला धीर देताहेत: बघा, काही बदललं नाही, आम्ही तेच आहोत. पण बदललंय हो. चार-पाच वर्षांत बँडमधली बहुतेक माणसं बदलली. जिथे जिथे हा अल्बम ते मान्य करतो तिथे उंच जातो, आणि जिथे काहीच गेलं नाही असं दाखवायला बघतो तिथे सपाट होतो. उंचसखलपणाची माझ्यापुरती उकल ती एवढीच.

म्हणून सहावं गाणं, ‘वन ऑफ अस इज गॉन’.

फ्रेड्रिक योहान्सन २०२२मध्ये कर्करोगाने गेला. बँड सोडून त्याला वीसहून जास्त वर्षं झाली होती. बाहेरच्या जगासाठी तो तीन जुन्या अल्बमांवरचं एक नाव होता. पण ही सगळी एका शहरात वाढलेली मुलं. बँड सुटला म्हणून मैत्री सुटत नाही. हे गाणं त्याच्यासाठी आहे, आणि स्टान्ने इथे साध्या आवाजात गातो.

यात मला धरून ठेवतो तो सूर लावण्यातला संकोच. स्टान्नेचा गाता आवाज आता पन्नाशीचा झालाय. ‘प्रोजेक्टर’मध्ये त्या आवाजाला आपल्या खोलीचा थोडा अभिमान होता, सूर लांबवायची हौस होती. इथे तो शब्द उच्चारतो आणि सोडून देतो. दुःख मोठं करून दाखवण्याच्या सगळ्या सोयी या संगीतात हाताशी असतात. चढत जाणारे कीबोर्ड, आकाशाला भिडणारा गिटार सोलो, शेवटी फुटणारी किंकाळी. एखाद्या तरुण बँडने हे सगळं केलं असतं. इथे वाद्यं मागे उभी राहतात. मयताच्या घरी गेल्यावर जी माणसं फार बोलत नाहीत, नुसती बसून राहतात, त्यांचाच आधार वाटतो ना, तसलं हे मागे राहणं आहे. आणि गंमत म्हणजे ज्यांनी हे वाजवलं त्यांतले बहुतेक योहान्सनच्या काळात बँडमध्ये नव्हतेच. राइनहोल्ड्झ त्याच्याच गिटारच्या जागी उभा आहे. दुसऱ्याच्या शोकाला साथ करायची म्हणजे स्वतःला किती आवरावं लागतं हे ऐकायचं असेल तर या गाण्यात त्याची गिटार ऐका. अख्ख्या अल्बममध्ये हे पाच जण एक बँड वाटतात ते इथे, सगळ्यात जास्त.

त्याच्या पाठोपाठ ‘द लास्ट इमॅजिनेशन’ येतं आणि तेही चांगलं आहे, पण खरं सांगायचं तर मधे एक मिनिट शांतता हवी असते. गाण्यांची क्रमवारी कुणी ठरवली कोण जाणे, त्या जागी पुढचं गाणं इतक्या लगेच नको होतं.

काही जण म्हणतात, स्टान्ने फार ठिकाणी वाटला गेलाय. ते अगदीच खोटं नाही, आणखी तीन बँडमध्ये तो गातो. ऑगस्ट २०२४मध्ये हा अल्बम, ऑक्टोबरमध्ये फिनलंडच्या वादकांबरोबरच्या सिमेटरी स्कायलाइनचा ‘नॉर्डिक गॉथिक’, जानेवारी २०२५मध्ये द हेलो इफेक्टचा ‘मार्च ऑफ द अनहर्ड’. शिवाय ग्रँड कॅडाव्हर आहेच, यान्सन तिकडूनच आलेला. द हेलो इफेक्टमध्ये तर त्याच्याभोवती सगळे इन फ्लेम्सचे जुने सभासद आहेत, म्हणजे त्याच्याच वयाचे, त्याच शहरातले, नव्वदच्या दशकातले सोबती. जुन्या गोथेनबर्गची चाल हवी असेल तर ती आता तिथे जास्त मोकळेपणाने वाजते. पण आवाज वाटला गेला म्हणून पातळ झाला असं मला कुठे जाणवत नाही. ‘एंडटाइम सिग्नल्स’च्या सगळ्यात सपाट गाण्यातही स्टान्ने पूर्ण जीव ओततो. कमी पडतं ते त्याच्या खालचं गाणं.

आणि उंचसखल अल्बम म्हणजे कमअस्सल, असंही मी मानत नाही. ‘प्रोजेक्टर’ही असाच वरखाली होता. पियानो, गाता आवाज, गॉथिक रॉकचा रंग, काही गाणी जमली, काही भरकटली. तेव्हा पुष्कळ चाहते चिडले होते. आज तोच अल्बम लोक जपून ठेवतात. पण तिथे गाणी पडली ती उडी मारताना. इथे पडली ती कठडा धरून चालताना. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो, आणि चांगल्या गाण्यांपुढे तो विसरावा असं वाटत नाही. राइनहोल्ड्झ अँड्रोमेडासारख्या प्रोग्रेसिव्ह बँडमधून आलेला माणूस आहे, त्याच्या बोटांत इथे वाजलं त्याच्या दुप्पट काहीतरी आहे. त्याला जुन्या सुंडीनसारखं वाजवायला लावण्यात काय हशील? ‘नॉट नथिंग’मध्ये मधूनच तो स्वतःच्या वाटेने जाऊ पाहतो, आणि लगेच कीबोर्ड येऊन त्याला घरी आणतात. माझा जीव चुटपुटतो.

शेवटचं ‘फॉल्स रिफ्लेक्शन’ पुन्हा साध्या आवाजातलं, संथ. त्याआधीच्या ‘अ ब्लीकर सन’चा काळोख मला आवडतो, पण तिथवर पोचेपर्यंत कान दमलेले असतात. दोन गाणी वगळली असती, फार तर तीन, तर ही दोन्ही किती ठळक झाली असती. चाळीस मिनिटांत हा अल्बम त्यांच्या उत्तम पाचांत बसला असता असं माझं ठाम मत आहे. आजकाल कुणी काही वगळत नाही. स्ट्रीमिंगवर जागेची अडचण नसते, आणि सगळ्यांनी मिळून केलेल्या कामातलं कुणाचं गाणं काढायचं हा प्रश्न नव्या जुळणीत अवघडच असणार.

कुणाला हा अल्बम ऐकायचा असेल तर पहिल्या गाण्यापासून सुरू करू नका. आधी ‘वन ऑफ अस इज गॉन’ ऐका. मग ‘एंडटाइम सिग्नल्स’ बंद करून थेट १९९५मध्ये जा आणि ‘द गॅलरी’तलं ‘लीथी’ लावा. सुरुवातीला बासवर एक मऊ चाल येते, आणि मग दोन गिटारी आत शिरतात. त्यातली एक योहान्सनची आहे. ती नीट ऐकून झाली की परत या आणि ‘अनफर्गिव्हेबल’ मोठ्या आवाजात लावा.